किसनभाऊंनी पाणी पाहिलं होतं

जुनी गाडी तापते म्हणून कुणी माझ्याकडे आलं, की बॉनेट उघडायच्या आधी मी एकच प्रश्न विचारायचो. "गावात तापते का सडकेवर?"

लोकांना वाटायचं, मिस्त्री उगीच वेळ काढतोय. पण अर्धं निदान त्या उत्तरात असतं. इंजिनाभोवती पाणी फिरतं आणि तापतं. ते वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येतं, तिथे हवेने निवतं आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात जातं. सगळा खेळ एवढाच. गाडी गावातल्या गर्दीत तापत असेल, तर हवा कमी पडते आहे. मग पंखा पाहा, पट्टा पाहा, रेडिएटरसमोर कागद धरून पाहा, तो जाळीला चिकटतो की गळून पडतो. सडकेवर भरपूर वारा लागत असताना तापत असेल, तर दोष बहुधा पाण्याच्या वाटेत असतो. कुठेतरी ते अडतं आहे.

अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला माझं गॅरेज होतं. चाळीस वर्षं चालवलं. शेवटची पंधरा वर्षं नव्या गाड्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली, कारण त्यांना कॉम्प्युटर लागतो. राहिल्या त्या जुन्या फियाट, जुन्या अँबॅसिडर, एखादी मॉरिस. हौसेनं सांभाळलेल्या. त्यातही तापणारी गाडी असली की अकोल्यापासून लोक म्हणायचे, तायडे मिस्त्रीकडे न्या. मला ते ऐकायला फार आवडायचं, हे आधीच कबूल करतो.

धामणगाव रेल्वेच्या एका अडत्याची अँबॅसिडर दिवाळी ते होळीच तापायची. उन्हाळ्यात, जेव्हा तापायला हवी तेव्हा, गार. त्यांनी शनीला तेल वाहिलं, लिंबू-मिरच्या बांधल्या, तीन मिस्त्र्यांकडून पंप आणि रेडिएटर बदलून घेतला. मी विचारलं, "शेठ, गाडी उभी कुठं राहते?" म्हणाले, "जिनिंगच्या आवारात." मी रेडिएटर खोलला, आतल्या बाजूनं पाण्याचा जोर सोडला. जाळीतून एवढी रुई निघाली की उशी भरावी. कापसाच्या हंगामात उडणारी रुई गाडी नाकाने ओढत होती. शेठनी ती ओली रुई चिमटीत धरली, ताणून पाहिली आणि म्हणाले, "धागा चांगला हाये." अडत्याचा हात तो!

असे किस्से मी चार लोकांत पुष्कळ सांगितले. लोक हसायचे, मीही हसायचो. किसनभाऊंची गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नव्हतो. आज तीच सांगायला बसलो आहे.

लीलाताई पाठक अमरावतीच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवायच्या. त्यांचे यजमान वकील. वकीलसाहेबांची फियाट साठच्या दशकातली, सायीच्या रंगाची. साहेब गेल्यावर ताईंनी ती विकली नाही. गाडीसोबत किसनभाऊही राहिले. किसनभाऊ मूळ पातूरचे. तरुणपणी ड्रायव्हर म्हणून आले ते सव्वीस वर्षं ताईंच्या घरामागच्या खोलीतच. लग्न केलं नाही. गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही हा त्यांचा नियम. सायकलवाले पुढे जायचे म्हणून पोरं त्यांना चिडवायची. ते म्हणायचे, "गाडी म्हातारी हाये, तिच्या चालीनं चालावं."

रोज सकाळी ते रेडिएटरचं झाकण उघडून पाणी पाहायचे. गाडी बाहेर काढायची असो नसो. लोक देवपूजेला जेवढा वेळ देतात तेवढा ते बॉनेटखाली देत.

सात वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत शहरात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती. ताईंनी फियाट माझ्याकडे पाठवली. "सगळं पाहून घ्या मिस्त्री, रस्त्यात लाज नको." मी पाण्याच्या सगळ्या नळ्या बदलायला काढल्या. खालच्या नळीच्या आत तारेची एक गुंडाळी असते, स्प्रिंगसारखी. पंप त्या नळीतून पाणी खेचतो. इंजीन जोरात फिरलं की खेच एवढी वाढते की रबराची नळी आतल्या आत चपटी होऊन बसू शकते. ती बसू नये म्हणून ही तार. जुनी नळी कापली तेव्हा तार गंजून तुकडे झालेली होती. नवी तार माझ्याकडे नव्हती, मुंबईहून मागवावी लागली असती. मिरवणूक तर दोन दिवसांवर. नवी नळी जाड होती. मी तारेशिवायच बसवली.

किसनभाऊ शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी जमिनीवरचे गंजके तुकडे पायानं हलवले.

"मिस्त्री, हे आतमंधलं होतं ना? नव्या नळीत नाई टाकलं काहून?"

"सडलं थे. नवी नळी जाड हाये, तिले नाई लागत."

"पन कंपनीनं टाकलं व्हतं म्हंजे काई कामासाठीच टाकलं असंन."

दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर ड्रायव्हरनं मला शिकवावं हे मला झोंबलं. मी म्हणालो, "किसनभाऊ, तुमी चाक धरा. इंजिनाचं मी पाह्यतो." गिऱ्हाइकं हसली.

मिरवणूक झकास झाली. गाडी चालीनं चालली, तापली नाही. तापणारच नव्हती. चाळीसच्या वेगाला ती नळी कधीच बसली नसती. तार नवीन मागवायची हे मी मनातल्या मनात ठरवलं आणि विसरलो.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी ताईंना अकोल्याहून फोन आला. त्यांची धाकटी बहीण, शांताताई, तिथल्या दवाखान्यात होती. शांताताईंच्या यजमानांनी सांगितलं, डॉक्टर म्हणतात भेटून घ्या, ती तुमचंच नाव घेते आहे. ताई आणि किसनभाऊ लगेच निघाले. पुढचं मला नंतर कळलं, काही ताईंकडून, काही किसनभाऊंकडून.

मुर्तिजापूरच्या अलीकडे गाडीनं वाफ धरली. किसनभाऊंनी गाडी सावलीला घेतली, निवू दिली, हॉटेलातून कॅन भरून आणले, पाणी घातलं. इंजीन सुरू केलं तर तापमानाचा काटा जागेवर. पुन्हा निघाले. बोरगाव मंजूच्या जवळ पांढरा धूर निघाला आणि इंजीन बंद पडलं. ऊन असं की डांबर चपलेला लागत होतं. किसनभाऊंनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून एसटी थांबवली, ताईंना बसवून दिलं आणि स्वतः गाडीपाशी थांबले. ताई दवाखान्यात पोचल्या तेव्हा शांताताईंना जाऊन थोडाच वेळ झाला होता. हात अजून गरम होता, असं ताईंनी मला सांगितलं.

गाडी ओढून माझ्याकडे आणली. ताई चौथ्या दिवशी गॅरेजला आल्या. सोबत किसनभाऊ. मी इंजिनाचं वरचं हेड खोलून ठेवलं होतं. गॅसकेट जळालेलं, हेड वाकलेलं, रेडिएटर ठणठणीत कोरडा. हा देखावा कुठल्याही मिस्त्रीला एकच गोष्ट सांगतो: गाडी पाण्याविना हाणली.

ताई म्हणाल्या, "मिस्त्री, मला एवढंच सांगा, हे कशामुळं झालं?"

"पाणी नव्हतं, ताई."

"किसनभाऊ म्हणतात, निघताना पाहिलं होतं."

किसनभाऊ म्हणाले, "पाह्यलं व्हतं ताई. गळ्यालोक भरेल व्हतं."

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. माझा आयुष्यभराचा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. गाडी किती वेगात होती, काटा कधी चढला, उभी केल्यावर कधी उतरला, काही नाही. उत्तर समोर दिसत होतं, आणि ते मला सोयीचं होतं. त्या क्षणी तार आठवली होती का? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं आहे. नीट आठवली असं म्हणवत नाही. पण माझा हात त्या खालच्या नळीकडे गेला होता आणि मी तो मागे घेतला, एवढं मला पक्कं आठवतं.

मी म्हणालो, "निघताना रेडिएटर भरलेला असता, तर मुर्तिजापूरच्या आत वाफ धरली नसती."

ताईंनी डोळे मिटले. किसनभाऊंकडे एक उत्तर होतं, त्यांनी ते दिलं नाही. ते काय होतं हे मला फार उशिरा कळलं.

शांताताईंचं तेरावं झाल्यावर ताईंनी किसनभाऊंना सांगितलं की आता तुम्ही गावी जा. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तुम्हाला दोष देत नाही, पण तुम्ही दिसलात की मला तो रस्ता दिसतो." जायच्या दिवशी किसनभाऊ गॅरेजला आले. हातात पत्र्याची पेटी. गाडी अजून माझ्याकडेच होती. त्यांनी खिशातून फडकं काढून तिची काच पुसली, दोन्ही बाजूंनी. मग माझ्याजवळ आले. मी वाकून हेडचे बोल्ट आवळत होतो.

"मिस्त्री, एक इचारू? तुमाले खरंच वाटते का, मी पानी नाई पाह्यलं म्हनून?"

मी मान वर केली नाही. "मशीन खोटं बोलत नाई, किसनभाऊ."

"हाव," ते म्हणाले. "मशीन नाई बोलत." आणि गेले.

आठवड्याने गाडी तयार झाली. उभ्या गाडीवर तासभर इंजीन चालवलं, काटा हलेना. मग मी तिला नांदगाव पेठच्या बाजूनं सडकेवर काढलं. पन्नास, ठीक. साठ, पासष्ट. तीन-चार किलोमीटरमध्ये काटा चढू लागला. रेडिएटर मी स्वतः भरला होता, गळ्यापर्यंत. गाडी बाजूला घेतली, इंजीन चालूच ठेवलं. काटा उतरला. मी बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटरपाशी हात घालून इंजीन वाढवलं. माझ्या डोळ्यांदेखत खालची नळी चपटी झाली. चोखून टाकलेल्या आंब्यासारखी. हात सोडला की गोल, वाढवलं की चपटी. थंड असताना जाड वाटणारं रबर तापल्यावर मऊ पडलं होतं. इंजिनाला घाई झाली की पाण्याची वाट बंद, आणि मग भरलेलं पाणीही उकळून वाफेनं उडून जातं, रेडिएटर कोरडा पडतो.

मी तिथे रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा होतो. एका संत्र्यांच्या ट्रकवाल्यानं थांबून विचारलं, "काय झालं काका, मदत पाह्यजे का?" मी म्हणालो, "नको, सापडलं."

सापडलं होतं सगळंच. किसनभाऊंनी पाणी पाहिलं होतं. ते चालीनं चालवत होते तोवर माझी चूक झाकली जात होती. त्या दिवशी कशामुळे तरी गाडी जोरात गेली आणि माझी नळी बसली. एक बाई आपल्या बहिणीला शेवटचं भेटू शकली नाही, ती माझ्यामुळे. एका माणसाचं घर गेलं, ते माझ्यामुळे. आणि ज्याचं गेलं त्यानं मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं.

मी काय केलं? तार मागवली. चार दिवसांत आली. नळीत बसवली. पुन्हा सडकेवर नेली, सत्तरपर्यंत पळवली, काटा हलला नाही. गाडी धुऊन पुसून ताईंकडे नेली.

त्या ओट्यावर आल्या. "झाली का? आता पुन्हा नाही ना होणार?"

"नाही ताई."

"पाणी पाहत गेलं म्हणजे झालं, नाही का?"

मी म्हणालो, "हो."

गॅरेजमध्ये ताईंना दिलेलं माझं पहिलं उत्तर चूक म्हणता येईल, घमेंड म्हणता येईल. हा 'हो' मात्र मी सगळं माहीत असताना म्हटला. चाळीस वर्षांत मी असं काही केलं नव्हतं. चुका केल्या, गिऱ्हाइकाला सांगितल्या, पदरचे पार्ट घालून दुरुस्त केल्या. ही सांगवेना. स्वतःला समजावत राहिलो: गेलेली बहीण काही परत येणार नाही, ताईंना सांगून त्यांची जखम कशाला उकलायची, किसनभाऊंचं तसंही वय झालं होतं, गावी भावाजवळ सुखात असतील. माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो!

पुढच्या वर्षी मी गॅरेज बंद केलं. गुडघे वाकेनात. गॅरेजवाल्यांच्या संघटनेनं माझा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांनी लीलाताईंना बोलावलं, मला न विचारता. हॉल भरलेला. माझी बायको पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. ताईंनी मला शाल पांघरली, नारळ दिला आणि बोलायला उभ्या राहिल्या.

म्हणाल्या, "माझ्या घरातल्यासारखा एक माणूस मला एक सांगत होता आणि तायडे मिस्त्री दुसरं सांगत होते. मी मिस्त्रींवर विश्वास ठेवला. ते अवघड होतं. पण खरं बोलणारा माणूस मिळणं दुर्मीळ असतं, आणि तो कडू बोलला तरी त्याचं ऐकावं." टाळ्या वाजल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइकपर्यंत गेलो, हात जोडले आणि परत येऊन बसलो. लोकांना वाटलं, मिस्त्रीला गहिवरून आलं. बायकोनंही घरी तेच म्हटलं. मी ती शाल घडी न करता खुर्चीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईंकडे गेलो. त्यांनी पाणी आणलं. मी ते प्यायलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: तार, मिरवणूक, किसनभाऊंचा प्रश्न, गिऱ्हाइकांचं हसणं, नांदगाव पेठची सडक, नवी तार, तो 'हो'. शेवटी ताईंनी विचारलं,

"तुम्हाला कळलं कधी?"

"गाडी पोचवली त्याच्या चार-पाच दिवस आधी."

"म्हणजे वर्ष होऊन गेलं."

"हो."

त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "किसनभाऊंनी त्या दिवशी गाडी जोरात का नेली, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

"नाही."

"मी सांगितलं होतं. बडनेरा सोडल्यापासून मी मागून म्हणत होते, किसनभाऊ, आज हळू चालवू नका, तुमच्या पाया पडते. मुर्तिजापूरला ते म्हणाले, ताई, आता बसने जा, गाडीचं काही खरं नाही. मी ऐकलं नाही. बस येईपर्यंत थांबायला मी तयार नव्हते." त्यांचा आवाज कोरडा होता. "तुमच्या गॅरेजमध्ये ते हे बोलू शकले असते. बोलले नाहीत. आणि मी बाजूला उभी होते, मलाही बोलता आलं असतं."

मी म्हणालो, "ताई, तुमची काही चूक नाही, गाडी जोरात चालवली म्हणून बिघडत नसते..."

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "आज तुम्ही मला माफ करायला आलेले नाहीत."

त्या आत गेल्या, पर्स घेऊन आल्या. "पातूरला चला. गाडी तुम्ही चालवा."

नव्वद-शंभर किलोमीटर अकोला, आणि पुढे पातूर. त्या मागे बसल्या होत्या. बोरगाव मंजू आलं तेव्हा मी आरशात पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

पातूरला विठ्ठलचं, किसनभाऊंच्या धाकट्या भावाचं घर विचारत गेलो. अंगणात त्याची बायको बाजेवर कुरड्या घालत होती. ट्रॅक्टर उभा होता. किसनभाऊ ओसरीवर पेरणीसाठी सोयाबीन निवडत बसले होते, सुपात. वर्षात दहा वर्षांनी म्हातारे झालेले. गाडीचा आवाज त्यांनी ओळखला असणार, पण मान वर केली ती ताई उतरल्यावर. सूप हातात घेऊनच ताडकन उठले.

"ताई! एवढ्या उन्हात कशाले आल्या?"

तेवढ्यात विठ्ठल घरातून बाहेर आला. पन्नाशीचा, धिप्पाड गडी. ताई कोण हे कळल्यावर त्यानं हात जोडले आणि तो आपल्या भावासमोरच म्हणाला, "ताई, आमच्या दादापायी तुमाले लय तरास झाला. तुमची बहीन तुमाले दिसली नाई. आमी मान खाली घालून राह्यलो गावात. त्याले आता आमी ट्रॅक्टरलेबी हात लावू देत नाई. पोट्ट्यायले सांगून ठेवलं हाये."

किसनभाऊ सुपातल्या दाण्यांकडे पाहत होते.

मी पुढे झालो. त्यांना बाजूला घेऊन सांगावं असं माझ्या मनात होतं. जवळ जाऊन हळूच म्हणालो, "किसनभाऊ, माह्याकडून मोठी चूक झाली. तुमी पानी पाह्यलं होतं. नळीतली तार मी..."

त्यांनी हातानं मला थांबवलं.

"मले नका सांगू, मिस्त्री. मले त माहीतच हाये. त्याह्यले सांगा."

मी विठ्ठलकडे वळलो. शब्द निघाले, पण तोंडातल्या तोंडात. किसनभाऊ म्हणाले, "आयकू येत नाई. मोठ्यानं सांगा."

मग मी अंगणात उभं राहून मोठ्यानं सांगितलं. विठ्ठलला, त्याच्या बायकोला, दारात आलेल्या दोन्ही पुतण्यांना. कुंपणापलीकडच्या घरातले लोकही बाहेर आले होते, त्यांनाही ऐकू गेलं. की गाडी तुमच्या भावाच्या हयगयीनं बंद पडली नाही, मी केलेल्या कामानं बंद पडली. की त्यांनी मला आधी सावध केलं होतं, मी त्यांचा चारचौघांत अपमान केला. की मला सगळं कळल्यावरही मी वर्षभर तोंड उघडलं नाही. ताई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि गाडी जोरात न्यायला मी सांगितलं होतं. हेही ऐका."

विठ्ठलचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, हा आता माझ्या अंगावर येतो. आला असता तर बरं वाटलं असतं. पण तो भावाकडे वळला.

"दादा, मंग तू आमाले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं व्हतं ना," किसनभाऊ म्हणाले. "आलो त्याच दिवशी सांगतलं व्हतं. तू म्हनला, मिस्त्री कशाले खोटं सांगन."

विठ्ठल ट्रॅक्टरच्या चाकाशी जाऊन बसला. त्याच्या बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेली. तिनं मलाही चहा दिला. तो निवून गेला, पण मी कप खाली ठेवला नाही.

ताई किसनभाऊंना म्हणाल्या, "चला. तुमची खोली तशीच आहे. मी कुणाला दिली नाही."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"ताई, तुमी घरी आल्या, लय झालं. माह्यं मन भरलं. पन आता मी कोनाची गाडी चालवनार नाई."

"का? आता तर सगळ्यांना कळलं ना."

"या बारीनं कळलं. पुन्हा काई झालं, त पुन्हा मलेच इचारतीन. आन् मी पुन्हा खरंच सांगीन. आता थे नाई होत माह्याच्यानं."

ताईंनी पुन्हा आग्रह केला नाही. किसनभाऊ आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आले. ताईंसाठी त्यांनी मागचं दार उघडलं, त्या बसल्यावर नीट लावलं, लागलं की नाही ते दाबून पाहिलं. माझ्या बाजूला आले नाहीत.

अकोल्याला ताई म्हणाल्या, "मला शांताच्या घरी सोडा. मी आज इथेच राहीन, तिच्या यजमानांनाही सांगायला हवं." त्यांच्या दाराशी मी गाडी बंद केली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. परत कसं जाणार हे त्यांनी मला विचारलं नाही. मीही थांबलो नाही. बसस्टँड दूर होतं. चालत गेलो.